वळचणीचे वाडगे

गेल्या महिन्यात मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका झकपक हॉटेलात भिंतीवर चिनीमातीचे जुने वाडगे टांगलेले पाहिले आणि डोके फिरले. खाली पाटी : 'कोकणचा वारसा'. कोकणचा कसला? बुडाचा शिक्का वाचा की. हॉलंडमधले मास्ट्रिक्ट!

पेट्रुस रेगूने १८३६ मध्ये तिथे मातीकामाचा कारखाना घातला आणि पुढे तिथले वाडगे-बशा जहाजांतून आशियाभर गेल्या. मुंबईतही जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अजिंठ्याची नक्षी भांड्यांवर रंगवत; पण ती साहेबांच्या दिवाणखान्यासाठी. आमच्या फोंडाघाटात आली ती मास्ट्रिक्टची फुले, कुणा चाकरमान्याच्या ट्रंकेतून.

आमच्याकडच्या वाडग्यावर गुलाबी फूल होते, कुंचल्याच्या तीन-चार फटकाऱ्यांत उरकलेले. काठाची पाने स्पंजाच्या ठशाची. वेल फिरून जिथे सुरुवातीला भेटे, तिथे जागा कमी पडून शेवटचे पान दाटीवाटीने कोंबलेले असायचे. रंगवणाऱ्याचा हात दिसायचा तो तिथे.

पण हे कौतुक सांगताना लोक एक गोष्ट सोयीस्कर गाळतात. पितळ चिंचेने घासले की शुद्ध. मातीला ती सोय नाही. म्हणून सोवळ्याच्या स्वयंपाकघरात चिनीमातीला मज्जाव. मामलेदार आला की फडताळातली कपबशी निघे. दलितवाड्यातून कामाला येणाऱ्यांना मात्र वळचणीचा वाडगा, त्यात वरून ओतलेला चहा. धुवायचा त्यांनीच आणि उपडाही त्यांनीच घालायचा. "त्या भांड्याक हात लावू नको," हे मी किती वेळा ऐकले असेन! भिंतीवरच्या पाटीत यातले अक्षर नाही.

सगळे बदलले ते ऐंशीच्या दशकात. १९८१ मध्ये आमचा जिल्हा वेगळा झाला, त्याच्या सभा-सत्कारांचे मला काही आठवत नाही. आठवतो तो १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला मुंबईतला गिरणी संप. अडीच लाख कामगार रस्त्यावर आले आणि आमच्या वाडीतली माणसे एकेक करून गावी परतली. आधी पितळ मोडीत गेले. मग जुन्या साड्यांवर बोहारणीकडून स्टील आले, त्यामागून प्लास्टिक. चिनीमातीला मोडीतही भाव नव्हता. वाडगे कोंबड्यांना पाणी पाजायला गेले. कुणी चोरले नाहीत, आम्हीच टाकले. स्टीलची चकाकी म्हणजे प्रगती, असे आमचे मास्तरसुद्धा सांगत. त्यांच्यावर माझा अजून राग आहे.

आता चतुर्थीला पाहुण्यांपुढे मेलामाइनच्या ताटल्या येतात. प्रत्येकीवर तेच छापील फूल, त्याच जागी, पान कोंबलेले कुठेच नाही. आणि काचेला, झिलईला जी सिलिका वाळू लागते, ती निघते आमच्याच कासार्डे-फोंडा पट्ट्यात. ट्रक भरभरून घाट चढते. तिची एक बशी म्हणून इथे घडत नाही. खड्डे आणि धूळ तेवढी आमच्या वाट्याला.