बालविभाग संपतो तिथून पुढे

नाशिकला वाचनालयांची वानवा कधीच नव्हती. सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं ‘सावाना’, 1840 सालचं. मुंबई विद्यापीठ निघण्याच्या सतरा वर्षं आधीचं. सरकारवाड्यातून टिळकपथावर आलेल्या या संस्थेनं पुस्तकांच्या जोडीला नाट्यगृह, वस्तुसंग्रहालय, सभागृह आणि बालभवनही उभं केलं. या पावणेदोनशेहून अधिक वर्षांकडे मागे वळून बघताना एक वय मात्र मला मुद्दाम शोधावं लागतं. तेरा ते अठरा. शहरातल्या कुठल्याही वाचनालयात गोष्टीची पुस्तकं चाळणारी लहान मुलं दिसतात, वर्तमानपत्रात रमलेले ज्येष्ठ दिसतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तरुण दिसतात. नववीतली मुलगी या तिघांच्या मधून कुठे नाहीशी होते, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

या वयाला वाचायचं नसतं, असं म्हणायला नाशिकमध्ये तरी जागा नाही. 1900 साली इथे ‘मित्रमेळा’ सुरू झाला तेव्हा विनायक सावरकर सोळा वर्षांचे होते. तिळभांडेश्वराच्या गल्लीत ही पोरं दर आठवड्याला जमायची. कुणी एखादा विषय वाचून यायचा, त्यावर बोलायचा, बाकीचे त्यावर चर्चा करायचे. पुढचं राजकारण बाजूला ठेवून बघितलं, तरी त्या बैठकांमधून या वयाची एक गरज स्वच्छ दिसते. वाचलेलं लगेच कुणाशी तरी बोलायचं असतं, ते बरोबरीच्यांशी बोलायचं असतं आणि त्यासाठी आपली म्हणावी अशी जागा हवी असते.

मराठीत या वयासाठी मजकूर आला, पण जागा आली नाही. भा. रा. भागवतांनी 1951 मध्ये ‘बालमित्र’ काढलं आणि त्यांच्या फास्टर फेणेनं पुढे कितीतरी पिढ्यांना वाचनाची चटक लावली. 1971 मध्ये बालभारतीचं ‘किशोर’ सुरू झालं. घरोघरी, शाळाशाळांत हे अंक पोचले. दरम्यान 1967 मध्ये महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला, अनुदानाची व्यवस्था बसली, तालुक्याच्या गावीही वाचनालयं उभी राहिली. ‘बालविभाग’ आणि ‘महिला विभाग’ अशा पाट्या लागल्या. बालविभागाचं वय ओलांडलेल्या मुलांसाठी वेगळी पाटी मात्र कुणाला सुचली नाही.

अमेरिकेत ती फार आधी सुचली होती. क्लीव्हलंडच्या सार्वजनिक ग्रंथालयानं 1925 मध्ये तरुण वाचकांसाठी स्वतंत्र दालन उघडलं. बाल्टिमोरमध्ये मार्गारेट एडवर्ड्स या ग्रंथपाल बाईंनी 1930च्या दशकापासून याच वयाच्या वाचकांना वाहून घेतलं. त्या शाळांमध्ये जाऊन पुस्तकांविषयी बोलायच्या, आणि आपल्या सहकाऱ्यांनी ही पुस्तकं स्वतः वाचलेली असलीच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या रंगनाथनांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या सूत्रांपैकी एक सांगतं की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. त्या ‘प्रत्येका’त हे वय आलंच.

आमच्या पिढीनं हे वय देवघेवीच्या खिडकीपाशी काढलं. शहरातल्या ज्या वाचनालयात मी जायचो तिथे पलीकडे कपाटं आणि अलीकडे वाचक, मध्ये लाकडी काउंटर. सूचीच्या जाडजूड वहीत नाव शोधायचं, चिठ्ठीवर चार-पाच दाखल अंक लिहायचे, वडिलांचं कार्ड चिठ्ठीसोबत सरकवायचं. त्यातलं जे जागेवर असेल ते हातात पडायचं. पुस्तक उघडून, दोन पानं वाचून, आवडलं नाही म्हणून परत ठेवायची सोय नव्हती. चौदाव्या वर्षी माणसाला स्वतःच्या शरीराबद्दल, प्रेमाबद्दल, देवाबद्दल जे विचारायचं असतं, ते दाखल अंकांत लिहून, रांगेतल्या ओळखीच्या काकांसमोर मागता येत नाही. मग आम्ही रहस्यकथा मागायचो.

नंतर अभ्यासिका आल्या. महापालिकेच्या, संस्थांच्या, खासगी. दाटीवाटीच्या घरांतल्या मुलांना त्यांनी टेबल, दिवा आणि शांतता दिली, हे उपकार मोठे आहेत. पण अभ्यासिकेत मूल येतं ते परीक्षार्थी म्हणून. तिथे कादंबरी उघडली तर वेळ वाया घालवल्यासारखं वाटतं आणि बोलायला तर मनाईच. दहावी-बारावीच्या धास्तीनं वाचनालयातली त्यांची उरलीसुरली जागाही अभ्यासक्रमानं व्यापली.

आशेच्या खुणाही नाशिकमध्येच आहेत. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या माध्यमातून विनायक रानडे यांनी 2009 मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. शंभर पुस्तकांची पेटी, ती सोसायटीत, कारखान्यात, तुरुंगात जाते, काही महिन्यांनी दुसऱ्या पेटीशी बदलली जाते. पुढे ही पेटी परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोचली. आग्रा महामार्गावर ओझरजवळ भीमाबाई जोंधळे यांनी हॉटेलातच पुस्तकं मांडली. जेवण येईपर्यंत कुणीही हवं ते उचलावं, वाचावं. दोन्हीकडे पुस्तक आणि वाचक यांच्यामधलं काउंटर गेलं आहे. या वयाला नेमकं हेच हवं असतं.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. नव्या इमारतीची वाट बघू नये. आहे त्या वाचनालयात या मुलांसाठी एक उघडी मांडणी असावी, स्वतःच्या नावाचं कार्ड असावं, दप्तर घेऊन आत यायची मुभा असावी. आठवड्यातली एक संध्याकाळ अशी असावी की त्या दालनात मोठ्यानं बोललेलं चालेल. कुठली पुस्तकं घ्यायची हे ठरवताना दोन-तीन मुलांना विचारावं, आणि त्यांनी सांगितलेलं खरोखर विकत घ्यावं. शाळांशी बोलणं ठेवणारा एक सेवक नेमावा, ज्यानं ही पुस्तकं स्वतः वाचली आहेत.

2040 साली सावानाला दोनशे वर्षं होतील. आज सातवी-आठवीत असलेली मुलं तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर असतील. वर्गणी तीच भरतील, निवडणुकीत मत तीच देतील, कार्यकारिणीवरही तीच येतील. वाचनालयाशी त्यांची गाठ आत्ता, याच चार-पाच वर्षांत पडली पाहिजे. वार्षिक अहवालात बालविभाग आणि अभ्यासिका यांच्यामध्ये त्यांच्या नावाचं एक पान येत्या वर्षीच यावं.