गावाच्या शिवारात मावणारी सूर्यमाला

शाळेत ग्रहांची ओळख नावांच्या यादीने सुरू होते आणि सोबत एक रंगीत चित्र असते. त्यात आठही गोल एकमेकांना चिकटून उभे असतात. दोष चित्रकाराचा नाही. वीस सेंटिमीटरच्या पानात सूर्यापासून नेपच्यूनपर्यंतचे अंतर प्रमाणात बसवले, तर सूर्यच मिलिमीटरच्या सोळाव्या भागाएवढा उरतो आणि पृथ्वी डोळ्यांना दिसत नाही. आकार आणि अंतर दोन्ही एकाच प्रमाणात दाखवणे कागदाला शक्यच नाही. म्हणून ग्रहांची पहिली ओळख पानावर नव्हे, जमिनीवर व्हावी असे माझे म्हणणे आहे. आणि त्यासाठी बारामती तालुक्यातल्या पिंपळीसारखे गाव शहरी शाळेपेक्षा जास्त सोयीचे आहे.

शाळेच्या भिंतीवर एक मीटर व्यासाचे वर्तुळ काढले की तो सूर्य. याच प्रमाणात बुध म्हणजे ४२ मीटरवरचा ज्वारीचा दाणा. शुक्र ७८ मीटरवर आणि पृथ्वी १०७ मीटरवर, दोन्ही काबुली हरभऱ्याएवढे. मंगळ १६४ मीटरवर, तुरीच्या दाण्याएवढा. इथपर्यंत मैदान पुरते. पुढे शेतरस्ता धरावा लागतो. गुरू ५६० मीटरवर आहे, दहा सेंटिमीटरचा. बारामती-इंदापूरच्या बागेतले मोठे डाळिंब त्याच्या जागी शोभेल. शनी एक किलोमीटरच्या थोडा पुढे, युरेनस दोन किलोमीटरवर आणि लिंबाएवढा नेपच्यून सव्वातीन किलोमीटरवर. या मांडणीत प्रकाश सेकंदाला जेमतेम वीतभर सरकतो. सूर्यापासून पृथ्वीच्या हरभऱ्यापर्यंत पोहोचायला त्याला आठ मिनिटे वीस सेकंद लागतात, नेपच्यूनपर्यंत चार तासांहून जास्त. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा याच प्रमाणात सुमारे २८,८०० किलोमीटरवर येतो, म्हणजे खऱ्या पृथ्वीवर त्याला जागाच नाही. हा रिकामेपणा पायांनी मोजलेल्या मुलाला ‘अब्ज किलोमीटर’ हा शब्द पोकळ वाटणार नाही.

ग्रह असे एका रांगेत कधी उभे असतात का, असा आक्षेप कुणी घेईल, आणि तो रास्त आहे. म्हणून अंतरे कळल्यावर मुलांना शाळेभोवती वेगवेगळ्या दिशांना उभे करावे. बुधाची फेरी ८८ दिवसांची, नेपच्यूनची सुमारे १६५ वर्षांची. कोण भराभर चालणार आणि कोण जवळजवळ जागचे हलणार नाही, हे मुलेच ठरवतील. परीक्षेत तर नावांचा क्रमच विचारतात, असेही म्हटले जाईल. पण जो क्रम चालून झाला तो घोकावा लागत नाही. राहिला दुर्बिणीचा प्रश्न. टायको ब्राहेने मंगळाच्या जागा नुसत्या डोळ्यांनी मोजल्या आणि त्यांवरून केप्लरने १६०९ मध्ये ग्रहगतीचे पहिले दोन नियम मांडले. शुक्राची चांदणी सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे कधीच जात नाही, हे पाहायला पहाटेचे किंवा संध्याकाळचे मोकळे क्षितिज पुरते.

सर्वांत जड आक्षेप घरातून येतो. तिथे ग्रह म्हणजे पत्रिकेतले, आणि संख्येने नऊ. त्यात सूर्य-चंद्र आहेत. राहू-केतू मात्र वस्तूच नाहीत. चंद्राची वाट सूर्याच्या भासमान वाटेला जिथे छेदते ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. ग्रहण सावल्यांनी होते हे आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले. परंपरेत निरीक्षण आहे, आणि ते मुलांना अभिमानाने सांगावे: नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, कारण गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षे लागतात. पण ग्रहांवरून माणसाचे भविष्य कळते हा दावा वेगळा. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात तो तपासला. हुशार आणि मतिमंद अशा दोन्ही गटांतल्या मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना देऊन गट ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांची सरासरी अचूकता निघाली ४६ टक्के; नाणे उडवूनही पन्नासच्या आसपास येते. मुलांना हे दोन्ही एकाच तासाला सांगायला हवे. एक लपवून दुसरे शिकवले, तर घर आणि शाळा यांत त्यांना उगाच निवड करावी लागते.

याच पुणे जिल्ह्यात खोडद आणि परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाश ऐकत आहेत, आणि पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे. मार्गदर्शन मागितले तर दूर जावे लागणार नाही. दिवाळीनंतर आभाळ निवळलेले असते. शिक्षकांनी सुटीनंतरच्या पहिल्याच शनिवारी दप्तर बाजूला ठेवून मुलांना शेतरस्त्यावर न्यावे, आणि ग्रामपंचायतीने त्या आठ जागांवर नावे कोरलेले आठ दगड कायमचे रोवून द्यावेत.