माइक चालू आहे का?

ऑगस्ट २०२५ मध्ये कतारमध्ये रोब्लॉक्स बंद झालं. कुवेतनेही त्याच महिन्यात तेच केलं. दोह्यात अल मुंतझा भागातल्या आमच्या इमारतीत त्या आठवड्यात लिफ्टमध्ये भेटणारं प्रत्येक पोर सुतकात असल्यासारखं दिसत होतं आणि त्यांचे आईबाप एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसत होते. ‘सुटलो एकदाचे,’ खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले. मी हो ला हो केलं नाही. पोरांच्या बाजूने बोलावं इतका मी त्या गेमचा चाहता नाही. पण त्याच्या पाच वर्षं आधी असाच एक गेम माझ्या हातून गेला होता, आणि तेव्हाही आजूबाजूची शहाणी माणसं असंच हसली होती.

आधीच सांगून टाकतो, मी गेमर नाही. वेळ मिळाला तर खेळतो, नाही मिळाला तर अडत नाही. गेमर म्हणवून घेणाऱ्यांशी माझं कधी पटलंही नाही. २०११ साली ‘डार्क सोल्स’ आला, तेव्हा ऑफिसातला एक तरुण मला समजावत होता की यात पुन्हा पुन्हा मरावं लागतं, तीच तर मजा. मी पेशाने क्वांटिटी सर्व्हेयर. कन्सल्टंटने परत पाठवलेला क्लेम पहिल्यापासून पुन्हा करताना ती मजा मला पगारासकट मिळते.

लहानपणच्या टीव्ही गेमवर मी लिहिणार नाही. कॅसेटमध्ये फुंकर मारण्यावर मराठीत इतके गहिवर काढून झालेत की आता नव्याने काढायला जागा उरलेली नाही. मारिओ, कॉन्ट्रा, बंदुकीने बदकं मारणं. चांगलं होतं. सांगलीच्या सायबर कॅफेतलं काउंटर स्ट्राइक, व्हाइस सिटी, रोड रॅश. तेही चांगलं होतं, खुर्च्या वाईट होत्या. त्या काळातला एकच हिशेब बाकी आहे, तो ईए स्पोर्ट्सच्या ‘क्रिकेट ०७’चा. २००६च्या अखेरीस आलेला हा गेम. समालोचनाला रिची बेनॉ आणि मार्क निकोलस. आपल्या खेळाडूंच्या नावांचे हक्क नाहीत म्हणून नावं मोडूनतोडून लिहिलेली. तरीही पोरांनी तो इतका खेळला की कीबोर्डवरची अक्षरं पुसली गेली. आणि त्यानंतर कंपनीने क्रिकेटचा गेम काढलाच नाही! फुटबॉल दरवर्षी, क्रिकेट कायमचं बंद. मग पोरांनीच पॅच बनवून त्यात नवे संघ, नव्या जर्सी, आयपीएल, सगळं घुसवलं आणि वर्षानुवर्षं तो गेम जिवंत ठेवला. कंपनीने टाकलेलं पोर पब्लिकने सांभाळलं. पुढच्या सगळ्याची चुणूक त्यातच होती, पण ते सोडा.

माझं खरं दशक सुरू झालं २०१० साली, दोह्यात. अल मुंतझातला एक जुना व्हिला, आत प्लायवुडची पार्टिशनं मारून खोल्यांच्या खोल्या केलेल्या, त्यातल्या एका खोलीत माझा बेडस्पेस. खोलीत मलप्पुरमचा एकजण होता, त्याला सगळे इक्का म्हणायचे. एक नेपाळी, एक कोलंबोचा, आणि मी. मायदेशी परतणाऱ्या कुणीतरी मागे टाकलेला प्लेस्टेशन २ इक्काने मातीमोल भावात घेतला होता. त्याच्या एका कंट्रोलरच्या डाव्या काडीवरचं रबर झिजून गेलं होतं, म्हणून साइटवरून आणलेली काळी इन्सुलेशन टेप तिच्यावर गुंडाळलेली. उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटायचा आणि अंगठा चिकटायचा. नवीन आलेल्या माणसाला तोच कंट्रोलर द्यायचा, असा खोलीचा नियम.

गुरुवारची रात्र फिफाची. शुक्रवारी सुट्टी, बाहेर रात्री अकरालासुद्धा अंगाला वाफ लागावी अशी हवा, आणि खिशात फिरायला जाण्याइतके रियाल नाहीत. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस; ऑफसाइड म्हणजे काय हे मला इक्काने त्या टेपवाल्या कंट्रोलरवर शिकवलं. तो अर्जेंटिना सोडून दुसरा संघ घेत नसे. नेपाळ्याला कोणताही संघ चालायचा आणि तोच जिंकायचा. त्याच वर्षी २ डिसेंबरला २०२२चा वर्ल्ड कप कतारला मिळाला, कॉर्निशवर रात्रभर हॉर्न वाजले, आणि आमच्या खोलीत वाद हा की तेव्हा इक्का कितीचा असेल आणि त्याचा व्हिसा उरलेला असेल का.

उरला नाही. २०१० सालीच कतारने १५ क्रमांकाचा कायदा केला, कुटुंबांच्या वस्तीत कामगारांची घरं नकोत म्हणून. त्याची झळ सावकाश पोचली, पण पोचली. व्हिला रिकामे झाले, माणसं विखुरली. इक्का गावी परतला. १८ डिसेंबर २०२२ला लुसैलमध्ये अर्जेंटिनाने फ्रान्सला पेनल्टीवर हरवलं, तेव्हा त्याचा मला आवाजी मेसेज आला. त्यात शब्द एकही नव्हता, नुसता आरडाओरडा. ‘फिफा २३’मध्ये लुसैल आणि अल बैत ही दोन्ही स्टेडियम होती. ज्या गावात राहतो ते गाव गेममध्ये दिसण्याची माझी ही पहिलीच वेळ. पण तोवर ईए आणि फिफा यांचं फाटलं होतं, आणि लगेच पुढच्या वर्षी गेमचं नाव बदलून ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ झालं. पैशावरून. मी अजून फिफाच म्हणतो.

मधली वर्षं मोबाइलची, आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणी. लग्न झालं, बायको आली, फॅमिली फ्लॅट घेतला, तोही मुंतझातच. सासूबाई मिरजेहून कँडी क्रशची ‘लाइफ’ मागायच्या, रात्री-अपरात्री. कँडी क्रश हा कौशल्याने बनवलेला गेम आहे, हे मी मान्य करतो. पण नेमकी गंमत यायला लागली की दार लावून घेणारा आणि फटीतून हात पुढे करणारा गेम मला आवडू शकत नाही. अँग्री बर्ड्स त्या मानाने सरळ होता. एकदा पैसे द्या, पक्षी उडवा, विषय संपला. २०२३च्या फेब्रुवारीत रोव्हिओने त्या मूळ गेमची नव्याने बनवलेली आवृत्ती गूगलच्या प्ले स्टोअरवरून काढूनच टाकली, कारण काय, तर तिच्यामुळे कंपनीच्या बाकीच्या गेमवर परिणाम होतो. म्हणजे लोक चांगला आणि पुरा गेम विकत घेत होते, हाच गुन्हा. फार्मव्हिल ३१ डिसेंबर २०२०ला बंद झाला, त्याचं मात्र मला दुःख नाही. दूरच्या नातेवाइकांच्या गायी शोधण्यात माणसाचं किती आयुष्य जावं!

आता पबजीकडे येतो.

२०१८ साली मोबाइलवर पबजी आला तेव्हा इथल्या मराठी घरांत एक वेगळीच अडचण चालू होती. २०१७च्या उत्तरार्धापासून कतारमध्ये व्हॉट्सअॅपचे, स्काइपचे कॉल लागेनासे झाले होते. मेसेज जायचा, आवाज जात नसे. घरी फोन करायचा तर रिचार्ज जाळा, नाहीतर नाना अॅपं टाकून ‘ऐकू येतंय का’ करत बसा. अशात सांगलीच्या पप्याने मला पबजीत ओढलं. शाळेतले आम्ही चौघं. पप्या सांगलीत, संत्या पिंपरीत, दाद्या हैदराबादला आणि मी इथे. स्क्वॉडही बरोब्बर चौघांचा. पहिल्याच रात्री लॉबीत पप्याचा आवाज आला, ‘माइक चालू आहे का रे भावा?’ आणि मी दचकलोच, कारण आवाज इतका स्वच्छ होता की त्याच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.

गेम म्हणून पबजीबद्दल माझं मत फार थोर नाही. शंभर माणसं विमानातून उड्या मारणार, घराघरांत हेल्मेट आणि तवे शोधणार, निळ्या झोनपासून पळणार आणि बहुधा न दिसलेल्या माणसाच्या गोळीने मरणार. निम्मा वेळ तर गवतात पडून राहण्यात जातो. पण ते पडून राहणंच कामाचं होतं. पोचिंकीच्या बाहेर झाडामागे आडवे पडून आम्ही संत्याच्या घटस्फोटाबद्दल बोललो. एरँगेलच्या शाळेच्या छतावर दाद्याने नोकरी गेल्याचं सांगितलं आणि तेवढ्यात खालून कुणीतरी त्याला उडवलं. तो म्हणाला, ‘अरे आधी रिव्हाइव्ह द्या, मग सांत्वन करा.’ इथे आठ वाजले की तिकडे साडेदहा. पप्याची आई मागून ओरडायची, ‘झोपा आता, सकाळी दूध आणायचंय.’ आम्ही चौघंही ‘हो काकू’ म्हणायचो.

ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. पप्याचा फोन लागत नव्हता, मेसेजवर एकच टिक. टीव्हीवर गावभाग पाण्यात दिसत होता. मी पबजी उघडून लॉबीत नुसता बसून राहिलो होतो, कारण तिथे मित्रांच्या यादीत नावापुढे हिरवा ठिपका येतो. मध्यरात्रीनंतर पप्याचा ठिपका आला. ‘वरच्या मजल्यावर आहोत. आई बरी आहे. बॅटरी सहा टक्के. घरी सांग,’ एवढं बोलून गेला. घरी म्हणजे माझ्या आईला. ती विश्रामबागला, कोरड्यात होती आणि रात्रभर त्यांच्याच काळजीत.

२ सप्टेंबर २०२०ला भारत सरकारने ११८ अॅप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल. गलवाननंतरचे दिवस होते, चिनी कंपनीकडे माहिती जाते हा मुद्दा होता आणि त्यावर माझ्यासारख्याने वाद घालावा असं काही नाही. ३० ऑक्टोबरला भारतातल्या खेळाडूंसाठी सर्व्हरही बंद झाले. माझ्याकडे मात्र गेम तसाच चालू. कतारमध्ये बंदी नव्हती. उघडावा तर यादीत तिघांची नावं, तिन्ही करडी. अनोळखी पोरांबरोबर दोन-तीन डाव खेळून पाहिले. ती अरबीत काहीतरी ओरडायची आणि मी पडून राहिलो की हाकलायची. बरोबर होतं त्यांचं. गवतात बोलायला कुणी नसेल तर पडून राहण्यात अर्थ नाही.

बंदीनंतर दोनच दिवसांत ‘फौजी’ची घोषणा झाली आणि २६ जानेवारी २०२१ला तो आला. देशभक्तीबद्दल आदर राखून सांगतो, तो गेम कंटाळवाणा होता. एकट्याने चालायचं आणि ठोसे मारायचे. २ जुलै २०२१ला बीजीएमआय आला, म्हणजे पबजीच, फक्त भारतापुरता. फक्त भारतापुरता! आमच्यासारख्यांना दार बंद. पप्या आणि संत्या त्यात गेले, माझ्या जागी संत्याने आपला मेहुणा घेतला. २८ जुलै २०२२ला तोही स्टोअरवरून गायब झाला, २०२३च्या मेमध्ये परतला. तोपर्यंत पोरांची सवय मोडली होती. त्याआधी लॉकडाऊनमध्ये नवी मुंबईच्या गेमेशनचा लुडो किंग सगळ्यांच्या फोनमध्ये शिरला, तोही करून पाहिला. पण लुडोत आपली पाळी यायची वाट बघताना माणूस गप्प बसतो, आणि सहा पडत नाही म्हणून चिडतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ मला मनापासून आवडला, दिसायला तर देखणाच. पण तो एकट्याने खेळायचा.

म्हणून रोब्लॉक्स गेलं तेव्हा मी हसलो नाही. आखातातल्या पोरांची एक गंमत असते. दर जूनमध्ये वर्गातली दोन-चार नावं कमी होतात. कुणाच्या वडिलांचा व्हिसा कॅन्सल, कुणाला कॅनडाची पीआर. माझ्या मुलीची जिवलग मैत्रीण अशीच कॅल्गरीला गेली. दोघी रोब्लॉक्सवरच्या ब्रुकहेवनमध्ये शेजारी-शेजारी घरं घेऊन राहायच्या. एकीची सकाळ, दुसरीची संध्याकाळ. अनोळखी माणसं पोरांना गाठतात, रोबक्स या गेममधल्या चलनाच्या नावाखाली घरातले पैसे जातात, या तक्रारी खऱ्या आहेत. आणि आम्ही आईबापांनी तरी सेटिंग कधी उघडून पाहिलं होतं? पण बंद करणाऱ्यांनी किंवा हसणाऱ्यांनी, त्या घरांत पोरी काय करत होत्या, एवढं तरी विचारायचं. माझी मुलगी तिथे बहुतेक वेळ मैत्रिणीला शाळेतल्या भांडणांचा वृत्तांत देत असे.

मग मी ठरवलं, हिला असा गेम घेऊन देऊ जो कुणी काढून घेणार नाही. दोह्याच्या नजमा भागातल्या दुकानात स्विच २ बघितला. त्याच्या एका गेमचा डबा उचलला तर दुकानदार म्हणाला, ‘सर, इसमें गेम नहीं है, सिर्फ चाबी है.’ गेम-की कार्ड म्हणतात त्याला. कार्ड घालायचं आणि गेम इंटरनेटवरून उतरवायचा. उद्या कंपनीने सर्व्हर बंद केला की हातात प्लास्टिक. मी जुना स्विच घेतला, सेकंडहँड, आणि त्याच्यासोबत पूर्ण कार्ट्रिजवालं ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’. मुलीने घरी येऊन तो सुरू केला, दोन चकरा मारल्या आणि विचारलं, ‘बाबा, यात बोलायचं कुठून?’ बोलायला फोनवर वेगळं अॅप लागतं, आणि मैत्रिणीबरोबर खेळायचं तर दोन्ही घरांत वर्गणी. कॅल्गरीच्या आईला मी मेसेज केलाय. ती म्हणते, विचार करून सांगते, तिच्याकडे प्लेस्टेशन आहे.