नळ घेण्याआधी टाकीची उंची मोजा

गेल्या रमजानच्या आधी आमच्या स्वयंपाकघरात नवा नळ आला. तोटी धरून ओढली की नळीसकट बाहेर येणारा आणि बटण दाबले की फवारा देणारा. दुकानदार त्याला ‘पुल-आउट’ म्हणतात. हौस म्हणून नव्हे, अम्मींच्या मनगटासाठी तो घ्यायचे ठरले होते. हलीमचा टोप आमच्या सिंकमध्ये मावत नाही. तिरका धरून भरायचा आणि मग उचलून शेगडीवर ठेवायचा, यात त्यांचे मनगट दुखावले. या नळाची नळी ओढली की टोप ओट्यावरच भरता येतो, कडाही धुता येतात.

आम्ही परळच्या जुन्या चाळीत राहतो. पालिकेचे पाणी ठरावीक वेळी येते, एरवी पोटमाळ्यावरच्या टाकीवर भागवायचे. सकाळी पालिकेच्या लाइनीवर फवारा झकास आला. दुपारी टाकीवर बटण दाबले, तर नुसते थेंब! प्लंबर म्हणाला, “भाभी, नळात खोट नाही. टाकी खाली आहे.”

मुलांना शाळेत शिकवतो तोच धडा आम्ही बाजारात विसरलो होतो. पाण्याचा दाब टाकीच्या आकारावर नव्हे, उंचीवर ठरतो. सुमारे १० मीटर उंचीला १ बार. नळाच्या खोक्यावर किमान दाब लिहिलेला असतो. तो अर्धा बार असला, तरी टाकीतले पाणी नळापासून ५ मीटर वर हवे. पोटमाळ्यावरची टाकी जेमतेम सव्वा मीटर वर असते. गच्चीवर टाकी असलेल्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनीही हे आधी पाहावे.

लावलेला नळ दुकानदार परत घेईना. तो आता लालबागला आपाकडे आहे. पुनर्विकासातली इमारत, सातवा मजला, टाकी खूप वर. तिथे तो उत्तम चालतो. तो बसवताना आणखी चार गोष्टी कळल्या.

पहिली, पाण्याची जोडणी. जुन्या घरांत नळ भिंतीतून येतो. पुल-आउट नळ मात्र ओट्याच्या दगडावर किंवा सिंकवर बसतो आणि त्याला पाणी खालून लागते. म्हणजे लाइन खाली आणणे, अँगल कॉक बसवणे आणि दगडाला साधारण ३५ मिलिमीटरचे भोक पाडणे, हा खर्च वेगळा. गरम पाण्याची लाइन नसेल, तर मिक्सर न घेता फक्त थंड पाण्याचा नळ मागावा.

दुसरी, जागा. सिंकच्या वर भांड्यांची मांडणी असेल, तर उंच मानेचा नळ तिला अडतो. ओट्याखाली नळीला वजन अडकवलेले असते, त्यानेच नळी परत आत जाते. तिथे डबे आणि बाटल्या कोंबल्या, तर नळी अडकते.

तिसरी, माल. नळाचे अंग पितळेचे असावे, हातात घेताच वजन कळते. तोटी प्लास्टिकची असली तरी चालते. नळी आणि तोटी सुटी मिळते का, हे घेतानाच विचारावे, कारण आधी झिजते ती नळीच.

चौथी सर्वांत महत्त्वाची. आपल्याकडे पाणी येते आणि जाते. पाणी गेले की लाइनीतले पाणी खाली उतरते आणि मागे ओढ निर्माण होते. त्या वेळी तोटी खरकट्या पाण्यात बुडालेली असेल, तर ते पाणी लाइनीत शिरू शकते, आणि त्याच लाइनीतून आपण पिण्याचे पाणी भरतो. म्हणून नळात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे का, हे विचारून घ्यावे. व्हॉल्व्ह असला तरी तोटी सिंकमध्ये सोडून जाऊ नये. काम झाले की ती जागेवर ठेवायची, ही सवय घरातल्या सगळ्यांना लावावी.

नळ बसवल्यावर आधी तोटी काढून पाणी सोडावे, म्हणजे पाइपातला कचरा निघून जातो. नंतर ओट्याखाली कोरडा कागद पसरावा. दुसऱ्या दिवशी तो कोरडा असेल, तर जोड पक्के. फवारा मंदावला, तर तोटीची जाळी काढून व्हिनेगरमध्ये भिजवावी.

आमच्या नळाला आता साधी वळणारी नळी लावली आहे. फवारा नाही, पण टाकीच्या पाण्यावरही धार येते आणि ओट्यावरच्या टोपापर्यंत पोहोचते. या रमजानमध्ये अम्मींनी भरलेला टोप एकदाही उचलला नाही. आम्हाला हवे होते ते एवढेच.