नानांची मॅटाडोर पंढरीला निघाली

हंगाम संपला, कामगारांच्या गाड्या परत गेल्या, शेवटचा कांदा चाळीत पडला, की आपल्या कसमादेतल्या घराघरांत एकच विषय निघतो : 'औंदा कुठं जायचं?' कुणी सप्तशृंगी गडावर जाऊन येतो, कुणी त्र्यंबकेश्वरी. 1998 च्या मे महिन्यात आमच्या घरी मात्र नानांनी पंढरपूर काढले. नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. "दिसतंय तवर त्याचं रूप पाहून घेतो," एवढेच ते म्हणाले. पुढे वाद घालायला कुणाचे तोंड उघडले नाही.

जायचे कसे, हा प्रश्न होता. नऊ माणसांचे एस.टी.चे भाडे, वर मुक्कामाचा खर्च. दारात जुनी मॅटाडोर उभी होती. तिने आयुष्यभर कांद्याच्या गोण्या, खताची पोती आणि लग्नाची वऱ्हाडे वाहिली होती. थोरल्या बंधूंनी मागच्या हौद्यात दोन्ही बाजूंना सुट्या फळ्या टाकल्या, त्यावर गोधड्या अंथरल्या. वर ताडपत्री, एका कोपऱ्यात स्टो आणि पिठाचा डबा, दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याचे पिंप. वहिनी म्हणाल्या, "हे तर चाकावरचं घरच झालं की!" आज शासनाचे कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आहे. ते 2021 मध्ये आले. आमचे 'धोरण' त्याच्या तेवीस वर्षे आधीचे!

सगळी तयारी झाली. एक गोष्ट तेवढी राहिली. गाडीचे तोंड उघडून आत कुणी पाहिले नाही.

पहाटे देवळा सोडले. (तेव्हा देवळा कळवण तालुक्यातच होते, वेगळा तालुका 1999 मध्ये झाला.) भावडबारीच्या चढाला लागलो आणि उष्णतेचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला. वर पोचेपर्यंत रेडिएटरमधून वाफेचा फवारा निघाला. धाकट्या बंधूंनी घाईने फडके धरून झाकण फिरवले. उकळते पाणी हातावर उडाले. हाताला फोड आले ते आलेच, पण त्याहून मोठी चूक पुढे झाली. 'इंजिन तापलंय, गार करा' म्हणून आम्ही पिंपातले थंडगार पाणी तसेच तापल्या इंजिनात ओतले. काटा खाली आला, आम्ही खूश झालो आणि चांदवड, मनमाड, येवला, कोपरगाव करीत रात्री शिर्डीला मुक्काम केला. पोरे ताडपत्रीखाली झोपली. गाडीत झोपण्याचा त्यांना कोण आनंद!

दुसऱ्या दिवशी राहाता ओलांडून बाभळेश्वरच्या अलीकडे गाडीने पांढरा धूर ओकायला सुरुवात केली. ताकद गेली. शेवटी रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली ती जी उभी राहिली, ती हलेचना. बाभळेश्वरहून मिस्तरी आणला. त्याने तेलाची पट्टी काढून दाखवली. तेल दुधाळ झाले होते. "दादा, हेडचं गॅस्केट गेलंय. पाणी तेलात उतरलंय. हेड लेथवर घासून आणावं लागंल. दोन दिवस." खर्च विचारला. अडीच-तीन हजार. आमच्या सगळ्या प्रवासाचे पैसे होते साडेतीन हजार.

शेजारच्या वस्तीवरचे एक शेतकरी बैल पाण्यावर नेता नेता थांबले. नऊ माणसे, लहान पोरे पाहून म्हणाले, "झाडाखाली कशाला? वस्तीवर चला. विहीर आहे, सावली आहे." ते प्रवरा कारखान्याचे सभासद निघाले. आपणही सभासद म्हटल्यावर मग काय, चहाच्या आधी उसाचा भाव निघाला आणि जेवणाआधी पाण्याची पाळी!

दुसऱ्या दिवशी ते नानांना आणि आम्हांला प्रवरानगरला घेऊन गेले. महाराष्ट्रातला हा पहिला सहकारी साखर कारखाना. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग भांडवल गोळा केले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले आणि 1950-51 च्या हंगामात ऊस गाळपाला लागला. नानांनी हे सारे भाषणांतून ऐकले होते. आता चिमणीकडे मान वर करून उभे राहिले, बराच वेळ काही बोलले नाहीत.

हंगाम बंद होता. आत दुरुस्तीची कामे चालू होती. रस आटवण्याच्या भांड्यांतल्या नळ्या कामगार घासून साफ करीत होते. आतून निघालेला क्षाराचा टणक खपला एकाने नानांच्या हातावर ठेवला. म्हणाला, "हा थर नळीत बसला की वाफेची उष्णता रसाला लागत नाही. वाफ जळते, काम होत नाही. म्हणून चालू हंगामातही मध्येच गाळप थांबवून साफ करावं लागतं. बॉयलरला तर पाणीच मऊ करून घालतात."

नानांनी खपला बोटांनी चाचपला. परत येताना वाटेत म्हणाले, "कारखाना दरसाल पोट साफ करतो. आपण गाडीच्या पोटात विहिरीचं जड पाणी ओतत गेलो, अन् चार वर्षं आत डोकावलो नाही."

मिस्तरीकडे जाऊन रेडिएटर उघडायला लावला. निम्म्याहून अधिक नळ्या पांढऱ्या थराने बुजलेल्या! चहाच्या पातेल्याच्या बुडाला बसतो तोच थर. म्हणजे दोष गाडीचा नव्हता, मिस्तरीचा नव्हता, घाटाचाही नव्हता. बुजलेल्या नळ्यांनी इंजिन तापले, तापल्या लोखंडावर थंड पाणी पडल्याने हेड वाकले, वाकल्या हेडखाली गॅस्केट टिकले नाही. एकातून एक.

तिसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली. मिस्तरीचे पैसे दिल्यावर हातात राहिले ते डिझेलपुरते, तेही एकाच बाजूचे. पंढरपूर की घर? आईने पदराची गाठ सोडून विठोबाच्या अभिषेकाचे पैसे पुढे केले. नानांनी ते परत तिच्या मुठीत दाबले. "देवाचे पैसे डिझेलात घालायचे नाहीत. आणि उधार काढून देवाला जायचं नाही. गाडी फिरवा."

परतीच्या वाटेवर पोरे रडली. मोठी माणसेही गप्प होती. भावडबारीला गाडी थांबवून इंजिन थंड होऊ दिले, तेव्हा नाना एकटेच खाली उतरून देवळ्याकडे पाहत उभे होते. त्यांना किती दिसत होते, ते आम्ही विचारले नाही.

त्याच वर्षी कार्तिकीला नाना आणि आई एस.टी.ने पंढरपूरला जाऊन आले. गर्दीत रूप अंधुक दिसले, पण पायावर डोके टेकवता आले, असे नाना सांगत. अभिषेकाचे पैसे पोचले.

आज ती मॅटाडोर नाही, नानाही नाहीत. पण आमच्या ट्रॅक्टरसाठी त्यांनी घातलेली शिस्त चालू आहे. हंगाम तोंडावर आला आहे, उसाच्या ट्रॉल्या घेऊन आपले ट्रॅक्टर दिवसरात्र रस्त्यावर असतील, म्हणून सभासद बंधू-भगिनींपुढे ती मांडतो. रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी घालू नये. कूलंट घालावे, ते दिलेल्या मुदतीत बदलावे. हंगामाआधी रेडिएटर आतून धुऊन घ्यावा, बाहेरच्या जाळीतले पाचट-माती काढावी. पंख्याचा पट्टा आणि रबरी नळ्या हाताने दाबून पाहाव्यात. काटा चढला तर भार काढून बाजूला थांबावे, पाऊण तास तरी झाकणाला हात लावू नये आणि तापल्या इंजिनात थंड पाणी कधीही ओतू नये.

बाभळेश्वरच्या त्या वस्तीवर आमचे अजून जाणे-येणे आहे. प्रवरेचा तो खपला नानांनी खिशात घालून आणला होता. तो आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात आहे. ट्रॅक्टर पहिल्या खेपेला निघण्याआधी थोरले बंधू तो खाली काढतात, चालकाच्या हातावर ठेवतात आणि विचारतात, "रेडिएटर पाहिला का?"