शिष्यवृत्ती किती, यापेक्षा कधी?

दिवाळीत बेलग्रेव्ह रोडवरची रोषणाई बघून तुम्ही फराळाच्या कार्यक्रमाला येता. दाराशी एक डबा ठेवलेला असतो, ‘गावाकडच्या मुलींच्या शिक्षणासाठी’ असा कागद चिकटवलेला. तुम्ही वीस पौंडांची नोट टाकता आणि चकलीकडे वळता. त्या नोटेचं पुढे काय होतं?

लेस्टरमधल्या आम्हा काही घरांचा असाच एक छोटा निधी आहे. काही वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातल्या एका मुलीचा अर्ज आमच्याकडे आला. आईवडील ऊसतोडणी करणारे. तिला अभियांत्रिकीला प्रवेश मिळत होता आणि फी माफ होणार होती. अडलं होतं ते होस्टेलची अनामत आणि मेसच्या आगाऊ पैशांवर. रक्कम पाचशे पौंडांच्या आत होती. आम्ही कागद मागवले, बैठक घेतली, दोन सभासद सुट्टीवर होते म्हणून पुन्हा एक बैठक घेतली आणि नोव्हेंबरमध्ये एकमताने पैसे मंजूर केले. तोवर प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या. मुलगी आईवडिलांबरोबर कारखान्याच्या तळावर गेली होती, धाकट्या भावंडांना सांभाळायला आणि भाकऱ्या थापायला.

आमच्यापैकी कुणीही वाईट वागलं नव्हतं. तरी त्या पैशांचा तिला काडीचाही उपयोग झाला नाही. असं का होतं, हे शास्त्रीय पद्धतीने तपासता येतं का? येतं, आणि तपासलंही गेलं आहे.

शिष्यवृत्ती ‘चालते’ हे ओळखायचं कसं?

शिष्यवृत्ती मिळालेल्या मुली पुढे शिकल्या, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. ज्या मुलीने अर्ज शोधला, भरला आणि वेळेत पाठवला, ती मुळातच चिकाटीची असणार. पैसे न मिळताही ती कदाचित शिकलीच असती. म्हणून औषधाच्या चाचणीत करतात तेच इथे करावं लागतं: सारख्या परिस्थितीतल्या मुलांचे दोन गट करायचे आणि कुणाला मदत मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. पुढे दोन गटांत जो फरक दिसतो, तो त्या मदतीचा.

घानामध्ये २००८ साली असंच झालं. माध्यमिक शाळेत प्रवेश मिळालेला, पण फी भरायला पैसे नाहीत, अशी २,०६४ मुलं-मुली. त्यातल्या ६८२ जणांना सोडतीने शिष्यवृत्ती मिळाली. एस्थर डुफ्लो, पास्कालिन द्युपा आणि मायकेल क्रेमर यांनी दोन्ही गटांचा पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला. शिष्यवृत्ती मिळालेल्यांत शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण बरंच जास्त निघालं, आणि त्यातल्या मुलींना मुलं उशिरा आणि कमी झाली. डुफ्लो आणि क्रेमर यांना २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तिसरे मानकरी अभिजित बॅनर्जी. त्यांच्या आई निर्मला या माहेरच्या पाटणकर, हे आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा अभिमानाने एकमेकांना कळवलं होतं!

म्हणजे पैशाने फरक पडतो. पण तेवढ्याच पैशाने कधी जास्त फरक पडतो आणि कधी कमी?

एका पत्राची करामत

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात गरीब घरातली हुशार मुलं अर्जच करत नसत. गंमत अशी, की त्यांनी अर्ज केला असता आणि प्रवेश मिळाला असता, तर बहुतेकांची फी तशीही माफ झाली असती. सुझन डायनार्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये एक प्रयोग सुरू केला. बारावीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच काही मुलांच्या घरी एक देखणं पाकीट गेलं. आत लिहिलं होतं: तुम्हाला प्रवेश मिळाला, तर चारही वर्षांची फी माफ. आर्थिक मदतीचे फॉर्म भरायची गरज नाही. पालकांना आणि मुख्याध्यापकांनाही कळवलं गेलं.

पत्र न मिळालेल्या गटात २६ टक्के मुलांनी अर्ज केला होता, पत्र मिळालेल्यांत ६८ टक्के. प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं. मदतीची रक्कम बहुतेकांच्या बाबतीत बदललीच नव्हती. ‘मिळू शकेल’ याच्या जागी ‘मिळणार’ आलं होतं, आणि ते वेळेवर आलं होतं. पुढच्या एका प्रयोगात काही मुलांना ‘उत्पन्नाची कागदपत्रं तपासून फी माफ करू’ असं कळवलं. या पत्राचा परिणाम पहिल्यापेक्षा बराच कमी पडला.

कागदपत्रांचं वजन किती असतं, हे दुसऱ्या एका चाचणीने दाखवलं. अमेरिकेत आयकर विवरणपत्र भरून देणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयांत, कर भरायला आलेल्या कमी उत्पन्नाच्या काही पालकांना तिथल्या तिथेच मुलांच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज भरून दिला. काम काही मिनिटांचं. या घरांतल्या बारावीच्या मुलांपैकी पुढच्या तीन वर्षांत कॉलेजची दोन वर्षं पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २८वरून ३६ टक्के झालं. आणखी एका गटाला नुसती माहिती दिली होती, ‘तुम्हाला इतकी मदत मिळू शकते’. त्या गटात काहीच फरक पडला नाही.

मुकादमाकडून शिकण्यासारखं

आता बीडच्या त्या घराकडे परत या. ऊसतोडणीचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. त्याआधी, ऐन पावसाळ्यात, घरात पैसा नसतो तेव्हा मुकादम ‘उचल’ देतो, म्हणजे पुढच्या कामाचे आगाऊ पैसे. रोख, दारात येऊन, उत्पन्नाचा दाखला न मागता. त्या बदल्यात अख्खं घर पुढचे पाच-सहा महिने बांधलं जातं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी असा हिशेब असल्याने मुलींची लग्नंही लवकर उरकली जातात.

मुलीच्या प्रवेशाचे दिवस आणि उचल घ्यायचे दिवस जवळजवळ एकच. म्हणजे आमच्या शिष्यवृत्तीची स्पर्धा होती ती थेट उचलीशी. उचल खात्रीची, झटपट आणि वेळेवर येणारी. आमचे पैसे बिनव्याजी, परत न करायचे, पण ‘बैठकीनंतर कळवू’ असे. तिच्या वडिलांनी उचल निवडली, यात त्यांचं काय चुकलं?

तुमची मुलगी लेस्टरच्या विद्यापीठात शिकत असेल तर ही गोष्ट तुम्ही रोज अनुभवता, फक्त लक्षात येत नाही. इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी २०२५-२६ला वर्षाला ९,५३५ पौंड होती. पण कर्ज घेतलं तर ती रक्कम परस्पर विद्यापीठाकडे जाते. नव्या नियमांनुसार वर्षाची कमाई २५,००० पौंडांच्या वर गेली, की वरच्या रकमेच्या ९ टक्के कापले जातात आणि ४० वर्षांनी उरलेलं कर्ज माफ होतं. कर्जाचा बोजा मोठा आहे, त्यावर इथे वादही आहेत. तरी सप्टेंबरमध्ये फीसाठी घरातलं सोनं मोडावं लागत नाही.

महाराष्ट्रात जुलै २०२४मध्ये मोठा निर्णय झाला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असेल, तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पूर्वी यातल्या अनेकींना निम्मीच सवलत होती. पण फी म्हणजे शिक्षणाचा सगळा खर्च नव्हे. होस्टेल, मेस, एसटीचा पास, लॅपटॉप हे उरतंच. अंतराचा अडसर किती मोठा असतो, हे बिहारने दाखवलंय. तिथे २००६पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले गेले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि ही वाढ मुख्यतः शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत झाली.

मग आपण काय करायचं?

आमच्या निधीने आता चार गोष्टी बदलल्या आहेत. तुम्हीही असा निधी चालवत असाल, तर बघा पटतात का.

१. निवड बारावीच्या निकालाआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये करतो. ‘प्रवेश मिळाला तर इतके पैसे, सगळ्या वर्षांसाठी’ असं मराठीत लिहिलेलं पत्र मुलीच्या आणि आईवडिलांच्या नावाने पाठवतो.

२. सरकार जे देतं त्यासाठी पुन्हा पैसे देत नाही. अनामत, मेस आणि प्रवास याला पैसे देतो, आणि पहिला हप्ता प्रवेशाच्या आठवड्यातच.

३. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, आधारला जोडलेलं बँक खातं या कामांत तिथल्या एका शिक्षकांची मदत घेतो. त्यांच्या प्रवासाचा आणि झेरॉक्सचा खर्च आम्ही देतो.

४. दर तीन महिन्यांनी ‘प्रगतीचा अहवाल’ मागणं बंद केलं. वर्षाला एक गुणपत्रिका पुरते.

आमचा निधी इतका लहान आहे, की यातून संख्याशास्त्रीय निष्कर्ष काढता येणार नाही, आणि आम्ही काढतही नाही. एवढंच सांगतो, की गेल्या जूनमध्ये एका वडिलांचा फोन आला होता. पत्रावर जी सही आहे ती खरी आहे ना, हे त्यांना विचारायचं होतं. खरी आहे म्हटल्यावर ते म्हणाले, “मग मुकादमाला औंदा एकच कोयता सांगतो.”

तेव्हा या दिवाळीत डब्यात नोट टाकताना एक प्रश्न जरूर विचारा: हे पैसे तिच्या हातात कोणत्या महिन्यात पडणार?