मिरचीचे पहिले फूल

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी बेलापूर हे गाव आहे. तेथील काळी माती उसाला मानवते. परंतु तीच माती जशीच्या तशी डब्यात भरून मिरची लावली, तर पाणी साचून मुळे कुजतात. म्हणून डब्याच्या तळाला भोके पाडावीत आणि मातीत थोडी वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे.

जूनमध्ये पेरलेल्या बियांची रोपे ५-६ आठवड्यांत वीतभर होतात. ती डब्यात लावल्यावर, कित्येकदा खोड पुरते जाड होण्यापूर्वीच, पहिल्या बेचक्यात एक पांढरे फूल लटकलेले दिसते. घरातील मुलांना त्याचे केवढे अप्रूप! परंतु रोप लहान असेल, तर नेमके तेच फूल खुडावे लागते.

याचे कारण असे. रोपाचे अन्न पानांत तयार होते व त्यावरच मूळ, खोड आणि नवी पाने वाढतात. फळ धरू लागले, की अन्नाचा ओघ तिकडे वळतो. पाच-दहा पानांच्या रोपाला एक मिरची पोसणेही जड जाते. ते खुजे राहते. शिवाय मिरचीची फांदी जेथे दुभंगते, तेथेच फूल येते. एका फांदीच्या दोन, दोहोंच्या चार झाल्या, की बेचकी वाढतात आणि फुलेही वाढतात. बेलापूरहून जवळच राहुरीला १९६८ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाच्या 'फुले ज्योती' या वाणाला तर मिरच्या झुबक्यांनी लागतात. तेथेही फांद्या हव्यातच.

रोप दीड वीत उंच होऊन फांद्यांना फाटे फुटले, म्हणजे खुडणे थांबवावे. वाफ्यातील जोमदार रोपाची फुले खुडण्याचे सहसा कारण नसते. पुढेही खुडतच राहणे हा निव्वळ हंगामाचा अपव्यय होय. वैशाखाच्या उन्हात फुले आपोआप गळतात, तेव्हा झाडाला सावली व नियमित पाणी द्यावे. पाने आक्रसून वळू लागली, तर तो बोकड्या रोग समजावा. फुले खुडून तो हटत नाही.

हिरव्या मिरच्या वेळच्या वेळी तोडल्या, तर नवा बहर येत राहतो. एक-दोन मिरच्या मात्र बियाण्यासाठी झाडावरच लाल होऊ द्याव्यात.